रत्नदुर्ग घटना

२ ऑक्टोबर २०२४

आज प्रयोगशाळा घरी आणली. म्हणजे एक मायक्रोस्कोप, तीन शून्यांचा, केसाएवढ्या टोकाचा ब्रश, काचेच्या पट्ट्यांचं खोकं, गोव्याहून आलेला शुद्ध पाण्याचा कॅन आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेला चिखल. रिक्षावाल्याने विचारलं, "बाई, माती तुळशीला काय?" मी म्हटलं, "समुद्राच्या तळाची आहे. पाच हजार वर्षं जुनी." त्यानंतर तो नाचणे येईपर्यंत, म्हणजे आमच्या दारापर्यंत, एक शब्द बोलला नाही.

कॉलेजातली आमची भूशास्त्राची खोली परीक्षेच्या गठ्ठ्यांसाठी घेतली आहे. "तात्पुरती." हा शब्द मी तिथे नोकरीला लागले तेव्हाही ऐकला होता, तो माझ्या नोकरीबद्दल होता.

उद्या मी प्रसिद्ध झाले तर ही वही कुठल्या तरी संग्रहालयात जाईल, म्हणून नीट लिहिते. मी नम्रता सुर्वे, वय चव्वेचाळीस, रत्नागिरी. पीएच.डी. गेली आठ वर्षं चालू. शेवटची मुदतवाढ ३० जून २०२५. त्यानंतर विद्यापीठ मला ओळखणार नाही. नवरा अनिल मुंबईला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. सासरे आप्पा, म्हणजे शिवराम सुर्वे, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, हे कायम घरी. ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. पूर्ण नाही, पण गेला.

विषय असा: समुद्रात खसखशीएवढे जीव राहतात, फोरॅम म्हणतात त्यांना. ते स्वतःभोवती शिंपला बांधतात आणि बांधताना आजूबाजूच्या पाण्यातलं थोडं थोडं काय काय त्यात घेतात. त्यात बोरॉनही असतं. शिंपल्यात बोरॉन जास्त म्हणजे तेव्हाचा समुद्र अल्कधर्मी, कमी म्हणजे आंबट. जीव मरतो, शिंपला गाळात बसतो, आणि पाच हजार वर्षांनी नम्रता सुर्वे येऊन त्याला विचारते, बाबा रे, तेव्हा पाणी कसं होतं? इतकं सोपं आहे. आठ वर्षं लागली ती माझ्या स्वभावामुळे.

९ ऑक्टोबर

फिजिओथेरपीवाली मुलगी आज आप्पांना ओरडली. रबराचा चेंडू दाबायला दिला होता, तो आप्पांनी फळीवर बरणीमागे लपवला आहे. "मी काय बालवाडीत हाय?" ती म्हणाली, "आजोबा, बोटांत जोर आला पाहिजे. चिमटीत चावी धरून फिरवता आली की मी यायचं बंद करीन." आप्पा म्हणाले, "चावी फिरवून काय करू? मला आता गाडी देणार हाय कोण?"

ती गेल्यावर ते दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. गणपतीत आरतीला हात जोडता आले नाहीत म्हणून त्यांनी नुसती मान लववली होती, ते मला आठवलं. मग मी माळ्यावरून कॅरम काढला.

आप्पा म्हणजे एसटीच्या विभागीय स्पर्धांतले एकेकाळचे वाघ. हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये त्यांचे कप आहेत. शोकेसला कुलूप, चावी त्यांच्या उशाखाली. पूर्वी दर रविवारी स्वतः उघडून कप पुसायचे. झटक्यापासून उघडलेलं नाही.

आज त्यांनी उजव्या हाताने टिचकी मारली. स्ट्रायकर बोर्डाच्या मध्यावर जाऊन थांबला, घाटात एसटी बंद पडावी तसा. मला वाटलं, आता हे उठून जाणार. आप्पांनी स्ट्रायकरकडे बघितलं आणि म्हणाले, "बोर्ड सुका हाय. पावडर टाक गो."

मी टाकली. त्यांना टाकता येत नाही, सांडते.

१५ ऑक्टोबर

सईदा मॅडमचा गोव्याहून फोन. या माझ्या गाईड. मूळच्या आमच्याच रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या, पण तीस वर्षं गोव्यातल्या प्रयोगशाळेत काढून जीभ होती त्यापेक्षा धारदार झाली आहे.

"नम्रता, नमुने ओळीने घेऊ नकोस. चिठ्ठ्या टाक, येईल तो नमुना उचल."

"हो मॅडम."

"हो म्हणतेस आणि करत नाहीस."

"नाही मॅडम. म्हणजे करते मॅडम."

चिठ्ठ्या कसल्या! मी डाळ निवडतानासुद्धा ताटाच्या एका कडेने सुरू करणारी बाई. समुद्रतळातला गाळ वर नवा, खाली जुना. मी वरून सुरुवात केली आहे आणि क्रमाने खाली जाणार आहे. आजपासून चारशे वर्षं मागे पोचले आहे. मॅडमचं बाकी सगळं मान्य, पण टापटीप मला कुणी शिकवू नये.

२७ ऑक्टोबर

माझी पद्धत आता बसली. सकाळी शिंपले निवडायचे. दोन काचांत हलकेच फोडायचे. शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे. मग ते तुकडे चिमुकल्या नळ्यांत घालून, झाकणं उघडी ठेवून, हॉलमधल्या टेबलावर वाळवायचे. हॉलमध्येच, कारण घरात जोरात फिरणारा पंखा तेवढा एकच. माशी बसू नये म्हणून दुधावरचं जाळीचं झाकण ठेवते. गोव्यात याच कामाला लाखांची हवाबंद पेटी लागते. आम्ही आपले दुधाचं झाकण! कोकणी माणसाची अक्कल.

संध्याकाळी नळ्या वाळत असतात तेवढ्यात आमचा एक बोर्ड होतो. आता दोन. आप्पांचा जोर अजून कमी, त्यामुळे बोर्ड अगदी गुळगुळीत लागतो. "टाक, टाक, हात आखडता घेऊ नको." पंखा चालू असला की निम्मी पावडर माझ्याच नाकात जाते. आज मला तीन शिंका आल्या आणि तिसऱ्या शिंकेच्या आडून आप्पांनी माझी एक सोंगटी हाताने सरकवली. मी बघितलं. बोलले नाही. सरकवली ती उजव्या हाताने.

१४ नोव्हेंबर

आप्पांनी राणी घेतली! कव्हर गेलं नाही, पण घेतली. अनिलला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "पीएच.डी. नेमकी कशात करतेस तू?"

चार बोर्ड झाले. समुद्र दीड हजार वर्षं मागे.

२९ नोव्हेंबर

मथुराआत्या, आप्पांची बहीण, संगमेश्वराहून गाडी घेऊन आल्या आणि देवदिवाळीला म्हणून भावाला घेऊन गेल्या. "चार दिवसांत पोचवते" म्हणाल्या. मथुराआत्यांचे चार दिवस म्हणजे काय ते सगळ्या सुर्व्यांना ठाऊक आहे.

कॅरम भिंतीला टेकवून ठेवला.

१२ डिसेंबर

घर कसं खायला उठतं. नाही म्हणायला काम झपाट्याने होतंय, संध्याकाळी कोणी हाक मारत नाही. हॉलमध्ये मी, पंखा आणि नळ्या. काल एकटीनेच बोर्ड मांडला, दोन्ही बाजूंनी खेळायला. मग माझीच मला लाज वाटली आणि पावडर न टाकताच उचलून ठेवला.

२१ डिसेंबर

आले आप्पा! आल्या आल्या चपला काढायच्या आधी, "बोर्ड लाव गो. मथुरीकडे नुसती भजनं. हात गंजला."

गंजला कसला. पहिल्याच बोर्डाला माझ्या पाच सोंगट्या शिल्लक ठेवून जिंकले.

१९ जानेवारी २०२५

शेवटची नळी बंद केली. पाच हजार वर्षं संपली. उद्या सगळ्या गोव्याला रवाना. गेला महिनाभर रोज पाच-पाच, सहा-सहा बोर्ड झाले, मी एकही जिंकलेली नाही. आप्पा आता चहाचा कप उजव्या हातात धरतात. थोडा हिंदकळतो, बशी खाली धरावी लागते.

२० फेब्रुवारी

निकाल आले. घाईघाईत लिहितेय, अक्षर लागणार नाही, संग्रहालयवाल्यांनी माफ करावं.

आलेख काढला. आजपासून मागे मागे जावं तसं बोरॉन चढत जातं. सावकाश, मग भराभर. आणि मग सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी धाडकन खाली! काहीशे वर्षं अगदी तळाला. आणि पुन्हा एकदम वर, आधीपेक्षाही वर, शेवटपर्यंत. असा आलेख अरबी समुद्रात कुणाला मिळालेला नाही. मला मिळाला. नाचण्यावरच्या हॉलमध्ये, दुधाच्या झाकणाखाली!

खड्ड्याला नाव द्यायला हवं. मोठे लोक देतात. मी आमच्या किल्ल्यावरून "रत्नदुर्ग घटना" असं ठरवलं आहे. आप्पांना सांगितलं, की आप्पा, अडीच हजार वर्षांपूर्वी आपला समुद्र अचानक आंबट झाला होता आणि परत सुधारला. आप्पा म्हणाले, "कोकमं पडली असतील." मग म्हणाले, "खेळतेस ना?"

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिनाचं व्याख्यान कॉलेजात. विषय अर्थातच रत्नदुर्ग घटना. नवी इरकल नेसले. प्राचार्य पहिल्या रांगेत जागे होते, यावरून विषयाचं महत्त्व कळावं. मी सांगितलं, की पावसाचं चक्र कोलमडलं असावं, नद्या आटल्या असाव्यात, बंदरं ओस पडली असावीत. बंदरांचं मला आदल्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं, बोलता बोलता सुचलं. टाळ्या पडल्या. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो येणार आहे. चष्मा काढायला हवा होता.

७ मार्च

सईदा मॅडम.

"नम्रता, हे आकडे खरे असतील तर त्या समुद्रात मासे जगायचे नाहीत."

"म्हणूनच तर घटना मॅडम."

"घटना नको सांगू मला. घरी काम केलंस ना? झुरळं मारायला काय टाकतेस?"

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला कुणी असं विचारतं? "मॅडम, आमच्या घरात झुरळं नाहीत."

"डोळे धुवायचं काही औषध? पायाला लावायची पूड?"

"काहीही नाही. घर स्वच्छ आहे माझं."

"बरं," म्हणाल्या, आणि ठेवलाच फोन. जळतात, दुसरं काय. तीस वर्षांत त्यांना एक घटना सापडली नाही.

रागारागाने सहा बोर्ड खेळले. इतकी पावडर टाकली की आप्पा म्हणाले, "अगो, पिठलं करतेस काय!"

१९ मार्च

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते. पण कुठे तरी लिहायला हवं आणि अनिलला सांगितलं तर तो आयुष्यभर चिडवेल.

पावडर संपली म्हणून आप्पांनी सांगितलं, येताना डबा आण. गाडीतळाजवळच्या खेळाच्या दुकानात गेले. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी क्रिकेटच्या बॅटवरून हुज्जत घालत होता, म्हणून मी हातातल्या डब्यावरचं वाचत उभी राहिले. वाचायला दुसरं काही नव्हतं. वर झोकात, "सुपरफाइन कॅरम पावडर." खाली किडामुंगी अक्षरात, "बोरिक ॲसिड."

मी परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं. झुरळांची पूड, डोळे धुवायचं औषध, पायाला लावायची पूड, मॅडम विचारत होत्या ते सगळं हेच.

आठ वर्षं मी बोरॉन शिकतेय. बोरॉन शब्दाशिवाय मला झोप लागत नाही. आणि रोज संध्याकाळी, जोरात फिरणाऱ्या पंख्याखाली, उघड्या नळ्यांपासून चार हातांवर, मी स्वतःच्या हाताने मूठ मूठ बोरॉन उधळत होते. आम्ही त्याला पावडर म्हणतो! लहानपणापासून पावडरच म्हणतो! पावडर कशाची असते, असं कुणी विचारतं का?

दुकानदार म्हणाला, "मॅडम, देऊ ना?" मी म्हटलं, "द्या."

घरी आले. आप्पांनी बोर्ड पुसून, सोंगट्या मांडून तयार ठेवला होता. मी खेळले. दुसरं काय करणार होते?

२० मार्च

कॉलेजला दांडी मारली. नळ्यांवर ज्या तारखा होत्या त्या समोर घेतल्या आणि आलेख पुन्हा काढला. या वेळी आडव्या रेषेवर हजारो वर्षं नाही, आमचे महिने.

ऑक्टोबर: एक बोर्ड, बोरॉन थोडं. नोव्हेंबर: चार बोर्ड, बोरॉन बरंच. मग आप्पा संगमेश्वरला, आणि बोरॉन धाडकन खाली. आप्पा परत, आणि एकदम वर.

रत्नदुर्ग घटना म्हणजे मथुराआत्यांची देवदिवाळी.

नमुने चिठ्ठ्या टाकून घेतले असते तर ही भानगड पहिल्याच आठवड्यात उघडी पडली असती. आकडे वर-खाली नाचले असते आणि मला संशय आला असता. पण मी टापटीप. क्रमाने गेले आणि आमच्या हॉलचा इतिहास समुद्राच्या नावावर चढवला. बंदरंसुद्धा ओस पाडली!

मॅडमना फोन करून सांगितलं. त्या हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत. मग एकदम थांबून म्हणाल्या, "गाळ उरलाय?"

"निम्मा ठेवलाय मॅडम."

"मग परत कर. सगळं. मे अखेर नळ्या माझ्याकडे पाहिजेत. तीस जून पुढे जाणार नाही, मी कुलगुरूंच्या पाया पडले तरी नाही. आणि नम्रता, तो कॅरम घराबाहेर काढ."

२५ मार्च

कॅरम ओट्यावर हलवला. आप्पांना खरं सांगितलं नाही. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. आपल्यामुळे सुनेची आठ वर्षं पाण्यात गेली असं कळलं तर जन्मात सोंगटीला हात लावणार नाहीत. म्हणून म्हटलं, "ओट्यावर वारा छान येतो, आप्पा. हॉलमध्ये केर होतो."

किती हुशार मी! स्वतःची पाठ थोपटून घेतली.

१ एप्रिल

काल ईद झाली. इद्रीसचाचा शिरखुर्मा घेऊन आले. हे आप्पांचे कंडक्टर. कोल्हापूरच्या गाडीवर दोघांची जोडी अठरा वर्षं. चाचांनी ओट्यावरूनच हाक मारली, "शिवा, ये रे भाएर, डाव मांड." आप्पा बाहेर आले नाहीत. आतून म्हणाले, "बरं नाय मला."

मी सहा दिवस कामाच्या धांदलीत होते, आणि आज माझ्या लक्षात आलं की कॅरम ओट्यावर गेल्यापासून त्यांनी बोर्ड लावलेलाच नाही. उजवा हात मांडीवर, मूठ मिटलेली, झटक्यानंतर असायची तशी. जेवायलाही डावा हात.

"आप्पा, खेळू या?"

"नको."

"का हो?"

मग म्हणाले, "केर होतो ना. मी सांडतो. चहा सांडतो, भात सांडतो, आता पावडर सांडते. उद्या मलापण ओट्यावर ठेव."

मी सांडते ते! पावडर टाकणारी मी! पण हे त्यांना न सांगता न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. हुशार म्हणे.

२ एप्रिल

सांगितलं. सगळं.

आलेख घेऊन त्यांच्यापुढे बसले. "आप्पा, ही पावडर म्हणजे बोरॉन. मी नळ्यांशेजारी उधळत बसले. चूक माझी, वाचायला हवं होतं मी. म्हणून बोर्ड बाहेर काढला. तुम्ही सांडता म्हणून नाही."

"म्हणजे तुझा अभ्यास..."

"गेला. परत करतेय."

त्यांनी मान खाली घातली. तेच, ज्याला मी घाबरत होते. मग मी घाईघाईने त्यांचं बोट धरलं, उजव्या हाताचं, आणि आलेखावर ठेवलं. "नाही, हे बघा तरी. हा ऑक्टोबर. स्ट्रायकर मध्यावर थांबायचा तुमचा. हे इथे राणी घेतलीत. हा खड्डा, आत्यांकडे होतात तुम्ही. आणि हे वर, हे जानेवारी, जेव्हा मला एकही बोर्ड मिळाला नाही. आप्पा, मी समुद्राचा म्हणून लोकांना दाखवत फिरले, तो तुमच्या हाताचा आलेख आहे. हात सुधारला तसे बोर्ड वाढले, बोर्ड वाढले तशी ही रेघ वर गेली."

आप्पांनी रेघेवरून बोट फिरवलं. खालून वर, खड्ड्यात, परत वर. दोनदा फिरवलं.

"इतका वर गेलाय?"

"इतका."

"त्या चेंडूवाल्या डॉक्टरीणबाईला सांगितलंस?"

"सांगते ना."

मग ते उठले, उशाखालून शोकेसची चावी आणली आणि माझ्या हातावर ठेवली. "काचेचं कपाट हाय. धूळ जात नाय आत, चाळीस वर्षं बघतोय. कप काढ त्यातले, तुझ्या नळ्या ठेव. उघड तू, मला नाय फिरवता येत."

कप सगळे माळ्यावर नेले. आप्पा खाली उभे राहून, "सावकाश, एकोणीसशे एक्याऐंशीचाय तो," म्हणत होते.

१८ एप्रिल

सुधारित प्रयोगशाळा. शोकेस बंद, पंखा बंद, खिडक्या बंद, माजघरात आंब्याची आढी पिकतेय आणि मीही. घामाची धार नाकावरून मायक्रोस्कोपवर पडू नये म्हणून कपाळाला टॉवेल बांधते. पोस्टमन बघून हसला.

नमुने या वेळी चिठ्ठ्यांनी. आप्पांच्या जुन्या खाकी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आहेत. रोज सकाळी ते उजव्या हाताने एक उचलतात, चिमटीत धरून उलगडतात आणि एसटीत पुकारावं तसं पुकारतात, "तेवीस नंबर! चला, तेवीस नंबर!"

ओट्यावर कॅरम चालू झाला. पण पावडरीवर आप्पांनीच बंदी घातली आहे. मी हजारदा सांगितलं, की ओट्यावर चालेल, दार लावून घेऊ. नाही म्हणजे नाही. सुक्या बोर्डावर स्ट्रायकर हलत नाही, दुप्पट जोर लागतो. फिजिओवाली मुलगी म्हणाली, "हे कुणी सुचवलं? फार चांगलं झालं." मी आप्पांकडे बोट दाखवलं. न केलेल्या कामाचं श्रेय घ्यायची मला सवय आहे, पण सध्या जरा बंद ठेवली आहे.

२२ मे

मॅडमकडे नळ्या पोचायला आठवडा राहिला. थोडेच नमुने बाकी. आज दुपारी इद्रीसचाचा आले. येताना खिशातून डबा काढला. आप्पा म्हणाले, "पावडर नाय हां आमच्याकडे." चाचा म्हणाले, "शिवा, पावडरीबिगर कॅरम म्हंजे मिठाबिगर कालवण. मी खेळत नाय जा." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "टाका चाचा. दार लावून घेते."

मी आत एक्केचाळीस नंबर धूत होते. ओट्यावरून आरडाओरडा. शेजारचे जमलेले. "राणी! राणी राहिली!" मला राहवेना. एक्केचाळीसची नळी उघडीच शोकेसमध्ये ठेवली, कुलूप लावलं, चावी कुलपातच राहिली आणि मी बाहेर धावले.

आप्पांची एक सोंगटी, चाचांची एक आणि राणी. आप्पांची पाळी. राणी पार कोपऱ्याआड. आप्पांनी हात झाडला, बोटं पावडरीत घोळली, आणि रिबाउंड मारला. राणी गेली. मग कव्हर. तेही गेलं. सुक्या बोर्डावर दीड महिना घासलेला हात, गुळगुळीत बोर्डावर काय ऐकतोय!

चाचा उठून म्हणाले, "अल्ला कसम, हा हात मेला व्हता म्हनून सांगत व्हते मला?" आणि त्यांनी आप्पांचा तो हात दोन्ही हातांत धरला.

आप्पा स्ट्रायकर मुठीत घेऊन आत गेले. मी मागे गेले. ते शोकेससमोर उभे राहिले. कप ठेवायचे, तीच त्यांची सवय, जिंकलं की शोकेस. पांढऱ्या पडलेल्या बोटांनी त्यांनी कुलपातली चावी धरली.

मला ओरडायला हवं होतं. आत एक्केचाळीस उघडा आहे हे मला माहीत होतं. तोंड उघडलंसुद्धा.

चिमटीत चावी सरकली. परत धरली. फिरली.

आप्पांनी दार उघडलं, नळ्यांच्या शेजारी स्ट्रायकर ठेवला, दार लावलं आणि मागे वळून बघितलं तर मी. "काय गो?"

"काही नाही," मी म्हटलं. "फिरली की."

"हां," म्हणाले. मग स्वतःच्याच हाताकडे बघून, "फिरली ना!"

१६ जून

निकाल आले. रेघ सपाट. पाच हजार वर्षं आमचा समुद्र होता तसाच होता, इकडे तिकडे नखभर. खड्डा नाही, घटना नाही, बंदरं सुखरूप. फक्त एका जागी आकाशाला भिडलेला एक ठिपका.

मॅडम म्हणाल्या, "एक्केचाळीसला काय झालं?"

"हलगर्जीपणा मॅडम. माझा."

"मोजू नकोस तो. आणि लाजू नकोस, सपाट रेघ ही पण बातमी असते. फोटो येत नाही एवढंच."

३० जून

प्रबंध दिला, विद्यापीठाच्या इथल्याच उपकेंद्रात. खिडकी बंद व्हायच्या बेताला पोचले, कारकुनाने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग शिक्का मारला. पृष्ठ एकशे बारावर तळटीप आहे: "नमुना ४१ हाताळणीतील दूषणामुळे वगळला."

रात्री रजा काढून आलेला अनिल, आप्पा आणि मी जेवायला बसलो. आप्पांनी विचारलं, "मग समुद्राचं काय निघालं शेवटी?"

"काही नाही आप्पा. होता तसाच आहे."

"यासाठी आठ वर्षं?"

"आणि एक हॉल," अनिल म्हणाला. त्याला सगळं कळलंय. आयुष्यभर चिडवणार आहे.

फिजिओवाली मुलगी गेल्या आठवड्यापासून येत नाही. कप परत शोकेसमध्ये आले. आप्पांनी स्वतः लावले. शोकेसच्या वर मी तो जुना आलेख चौकटीत घालून टांगला आहे, रत्नदुर्ग घटनेसकट. वगळलेला एक्केचाळीसवा नमुना त्याच्या उजव्या टोकाला लाल शाईने आणून बसवला. आप्पांच्या हाताच्या आलेखात त्याची खरी जागा तीच.

आप्पा चष्मा लावून बघत होते. म्हणाले, "जरा वर घे गो तो ठिपका. इद्रीसला हरवलाय."

"आप्पा, आकडा आहे तिथेच ठेवायला लागतो. आता मी डॉक्टर होणार आहे."

"बरं," म्हणाले, आणि बोर्ड लावायला गेले.